मुद्दाम डिवचणारं आंदोलन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणावर शाई फेकली, कुणाच्या पुतळ्याला जोडे मारले, कुठल्या तरी कागदाची होळी केली, की दोन दिवस तीच चर्चा रंगते. एक बाजू म्हणते, हा लोकशाहीचा अधिकार आहे. दुसरी म्हणते, हा नुसता धिंगाणा. पुढच्या आठवड्यात बाजू बदलतात, वाक्यं मात्र तीच राहतात. अशा वेळी हमखास येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. जिथे कायदा आहे तिथे कायदा सांगितला आहे, बाकीची मतं माझी.

लोकांना चिडवायचंच म्हणून केलेल्या कृतीला आंदोलन म्हणायचं का?

म्हणायचं. चिडवण्याचा हेतू होता एवढ्यावरून ते आंदोलन नव्हतं असं ठरत नाही. महाराष्ट्रात तर असं म्हणणं फारच अवघड आहे, कारण आपल्याकडे 25 डिसेंबर 1927 चं महाड आहे, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या परिषदेत झालेली मनुस्मृतीची होळी.

ती होळी अचानक पेटली नव्हती, म्हणून आधीचं थोडं सविस्तर. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने 1923 मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेनेही 1924 मध्ये त्याला अनुसरून गावातलं चवदार तळं खुलं असल्याचं ठरवलं. कागदावर सगळं झालं होतं, पाण्याला मात्र कुणी हात लावू देत नव्हतं. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर आणि महाडच्या पहिल्या परिषदेला आलेले अस्पृश्य समाजातले लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले. मग हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली, परतणाऱ्यांवर हल्ले झाले, आणि तळं बाटलं म्हणून घागरी-घागरींनी पंचगव्य ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि 14 तारखेला मनाई हुकूम मिळवला.

दुसऱ्या परिषदेला गावात जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जमीन दिली. मोटारवाले नेईनात, म्हणून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने दासगाव बंदराला उतरले. मंडपासमोर वीतभर खोलीचा, दीड फूट लांबीरुंदीचा एक खड्डा खणला होता, त्यात चंदनाची लाकडं रचली होती. बाजूच्या फलकांवर ‘मनुस्मृतीची दहनभूमी’ असं लिहिलं होतं. ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. रात्री नऊच्या सुमारास ग्रंथ जाळला गेला.

हे चिडवण्यासाठी होतं का? होतंच. बाबासाहेबांनी ते कधी लपवलं नाही. आपल्या ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकात त्यांनी या दहनाची तुलना विदेशी कापडाच्या होळीशी केली. पुढे 1938 मध्ये एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की सवर्णांचं लक्ष वेधायला असे जालीम उपाय अधूनमधून करावेच लागतात, दार ठोठावल्याशिवाय कुणी उघडत नाही. आणि त्याच परिषदेत, मनाई हुकूम आहे म्हणून, तळ्यावरचा सत्याग्रह मात्र त्यांनी पुढे ढकलला. ग्रंथ जाळून समाजाला डिवचलं, पण कोर्टाचा हुकूम मोडला नाही. तो दावा लढत लढत मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 17 मार्च 1937 ला निकाल त्यांच्या बाजूने लागला. या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच मुक्कामात केल्या, हे बहुतेक भाषणांतून गाळलं जातं.

मग उद्या कुणीही उठून काहीही जाळावं का?

नाही. मी दोन गोष्टी बघतो. डिवचलं कुणाला, आणि त्याची किंमत कोण मोजतं.

महाडला ज्यांना डिवचलं त्यांच्या हातात गाव, पाणी, नगरपालिका आणि वर्तमानपत्रं होती. त्यांना उत्तर देता येत होतं आणि त्यांनी ते दिलंही. जाळणारे कोण? तर त्या ग्रंथातले नियम ज्यांच्या पाठीवर बसले होते ते. परिणाम भोगायची तयारीही त्यांचीच, नावं लपवलेली नव्हती, वेळ आणि जागा जाहीर होती. याउलट एखाद्या वस्तीतून मोर्चा नेऊन, तिथल्या प्रार्थनास्थळासमोर मुद्दाम थांबून, शिव्यांचं गाणं मोठ्याने लावलं तर डिवचले जातात ते घाबरून दारं लावून बसलेले लोक. किंमतही तेच मोजतात. नाचणारे घरी जातात. अशा प्रकाराला आंदोलन म्हणायला मी तयार नाही, मग पुढचा फलक कितीही मोठा असो.

मधल्या प्रकारांत भांडण राहणारच. खाली त्यातले काही घेतले आहेत.

शांतपणे समजावून सांगता येत असताना डिवचायची गरज काय?

समजावून सांगितलेलं ऐकलं गेलं असतं तर गरज नव्हती. महाडचं वर आलंच. दुसरं उदाहरण 1972 चं. स्वातंत्र्याला 25 वर्षं झाली म्हणून देशभर सोहळे चालले होते. त्याच सुमारास दलित पँथरच्या राजा ढाले यांनी ‘साधना’ साप्ताहिकाच्या स्वातंत्र्यदिन अंकात लेख लिहिला. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावला दलित स्त्रीची विटंबना झाली होती. अशा गुन्ह्याला होणारा दंड आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला होणारा दंड, हे दोन आकडे ढाल्यांनी शेजारी शेजारी ठेवले, आणि पुढे ध्वजाबद्दल जे लिहिलं ते आजही छापताना संपादक दहादा विचार करेल. गदारोळ झाला. भल्याभल्यांनी निषेध केला.

पण ब्राह्मणगावचं नाव आज आपल्याला माहीत आहे ते त्या गदारोळामुळेच. सभ्य भाषेतलं निवेदन तलाठ्याच्या टेबलावर कधीच विरून गेलं असतं. तरी ढाल्यांची भाषा मला सगळीच पटते असं नाही. ध्वजाला मध्ये न आणता तो लेख तेवढाच जबर झाला असता का, यावर मी आजही दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतो.

आपला कायदा याबद्दल काय म्हणतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद 19 मध्ये बोलण्याचं स्वातंत्र्य आहे आणि शांततेने, विनाशस्त्र जमण्याचंही. दोन्हींवर वाजवी बंधनं घालता येतात. ‘चिडवणारं’ बोलू नका असं घटनेत कुठेही नाही.

गुन्हा कधी होतो? भारतीय न्याय संहितेतली कलमं साधारण अशी (कंसात जुन्या दंड संहितेतला क्रमांक): 196 म्हणजे गटागटांत वैर पसरवणं (जुनं 153-अ), 299 म्हणजे धार्मिक भावना दुखावणं (जुनं 295-अ), 352 म्हणजे शांतताभंग व्हावा म्हणून केलेला अपमान (जुनं 504). यातलं 299 लोकांना वाटतं तितकं ढिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात जुनं 295-अ वैध ठरवलं खरं, पण त्याच वेळी सांगितलं की नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान यात येत नाही, तो जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असला पाहिजे. ‘माझ्या भावना दुखावल्या’ एवढ्या वाक्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. दाखल मात्र होतो, आणि आपल्याकडे दाखल होणं हीच अर्धी शिक्षा असते.

भावना मोजायच्या कुणाच्या फूटपट्टीने, याचं उत्तर आपल्या नागपुरातून आलं आहे. नागपूर उच्च न्यायालयात असताना न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी 1940 च्या दशकात निकष घालून दिला: शब्दांचा परिणाम बघायचा तो समंजस, कणखर, धीट माणसावर काय होईल हे धरून. कच्च्या मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसावरून नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये हाच निकष पुन्हा वापरला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने व्हॉट्सॲप स्टेटसवर 5 ऑगस्टला, म्हणजे काश्मीरचं 370 कलम हटवलं त्या दिवसाला, ‘काळा दिवस’ म्हटलं होतं आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. गुन्हा रद्द झाला. वर्षभराने, मार्च 2025 मध्ये, महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातेत नोंदवलेला गुन्हाही न्यायालयाने रद्द केला, तेव्हाही बोस यांचाच दाखला होता.

समोरचे चिडून दगडफेक करतील हे माहीत असूनही कृती केली, तर जबाबदार कोण?

दगड मारणारा. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की अर्धी गुंतागुंत सुटते. इंग्लंडमध्ये 1882 मध्ये साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती धर्मप्रचारक संघटनेच्या मिरवणुकांवर हल्ले व्हायचे म्हणून मिरवणूक काढणाऱ्यांनाच पकडण्यात आलं. न्यायालयाने सांगितलं, कायदेशीर काम करणारा माणूस दुसऱ्याच्या दंगेखोरीसाठी गुन्हेगार ठरत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये एस. रंगराजन खटल्यात तेच आपल्या शब्दांत मांडलं: मोर्चे निघतील, हिंसा होईल अशा धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, तसं करणं म्हणजे धमकी देणाऱ्यापुढे कायद्याने गुडघे टेकणं. धोका दारूच्या कोठारात पडलेल्या ठिणगीइतका जवळचा हवा.

व्यवहारात ठाणे अंमलदार नेमकं उलटं करतो. दहा जणांच्या मूक निदर्शनाविरुद्ध दोनशे जण घोषणा देत आले की दहा जणांना गाडीत बसवणं सोपं पडतं. त्यातून दोनशे जण एवढंच शिकतात की पुढच्या वेळी चारशेंनी यायचं.

अपवाद एकच. कृती करणाऱ्याने स्वतःच आपल्या माणसांना ‘मारा, फोडा’ सांगितलं, तर ते डिवचणं राहत नाही, ती चिथावणी होते आणि जबाबदारी त्याच्यावरच येते.

शाईफेक आंदोलनात मोडते का?

माझ्या मते नाही. माणसाच्या अंगाला हात लागला की ती मारहाणीची धाकटी बहीण होते, शाई धुऊन निघत असली तरी.

शिवाय ती बहुतेक वेळा उलटते. 12 ऑक्टोबर 2015 ला मुंबईत पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री खुर्शीद कसुरी यांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. सकाळी शिवसैनिकांनी आयोजक सुधींद्र कुलकर्णी यांना काळं फासलं. कुलकर्णींनी तोंड धुतलं नाही. तसेच काळ्या चेहऱ्याने कसुरींच्या शेजारी पत्रकार परिषदेला बसले, आणि तो फोटो जगभर गेला. संध्याकाळी वरळीच्या नेहरू सेंटरमध्ये ठरल्याप्रमाणे कार्यक्रम झाला. ज्या पुस्तकाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपली असती ते पहिल्या पानावर आलं. काळं फासणाऱ्यांनी प्रसिद्धीचं काम फुकटात करून दिलं.

तरी दुसरी बाजूही सांगायला हवी. डिसेंबर 2022 मध्ये फुले, आंबेडकर आणि कर्मवीरांनी शाळांसाठी ‘भीक’ मागितली, या वक्तव्यावरून मंत्री चंद्रकांत पाटील यांच्यावर चिंचवडला शाई फेकली गेली. फेकणाऱ्यांवर थेट खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं. शाईला 307? चूक एका बाजूची असली तरी शिक्षा प्रमाणात हवी. सत्ताधारी इतके घाबरल्यासारखे वागले की शाई फेकणाऱ्यांचं काम त्यांनीच पूर्ण केलं.

‘मातोश्री’समोर हनुमान चालिसा म्हणण्याचा प्रकार कशात बसतो?

एप्रिल 2022. खासदार नवनीत राणा आणि आमदार रवी राणा यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या वांद्र्याच्या घरासमोर चालिसा म्हणणार असं जाहीर केलं. शिवसैनिकांनी राणांच्या खारच्या घराला गराडा घातला. राणांनी बेत मागे घेतला, तरी 23 तारखेला अटक झाली आणि राजद्रोहाचं 124-अ लागलं. 4 मे ला जामीन देताना विशेष न्यायालयाने म्हटलं की बोलण्याची मर्यादा ओलांडली गेली असली तरी तेवढ्यावर राजद्रोह होत नाही. त्याआधी उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका गुन्ह्याच्या सुनावणीत हेही म्हटलं होतं की दुसऱ्याच्या घरी जाऊन धार्मिक पठण करणार असं जाहीर करणं हे त्याच्या व्यक्तिस्वातंत्र्यावरचं आक्रमण आहे.

दोन्ही बरोबर आहेत. डिवचलं सत्ताधाऱ्याला, आधी सांगून, आणि तुरुंगातही स्वतःच गेले. माझ्या मोजपट्टीवर हे राजकीय आंदोलन ठरतं, राणा आवडोत न आवडोत. मात्र जागा चुकली. मंत्रालय, विधान भवन, वर्षा बंगल्यासारखं सरकारी निवासस्थान चाललं असतं, खासगी घराचं दार नाही. आणि राजद्रोह लावणं ही तर सरळ लाजिरवाणी गोष्ट होती.

मनुस्मृती जाळलेली चालते, मग कुराण जाळलेलं का चालत नाही?

हा प्रश्न बहुतेक वेळा टोमणा म्हणून येतो, पण प्रश्न खरा आहे.

28 जून 2023 ला, बकरी ईदच्या दिवशी, स्टॉकहोमच्या मशिदीबाहेर इराकमधून आलेल्या एका निर्वासिताने कुराण जाळलं. पोलिसांची परवानगी होती, कारण आधीच्या अशा बंद्या स्वीडनच्या न्यायालयांनी रद्द केल्या होत्या. त्यानंतर शेजारच्या डेन्मार्कने डिसेंबर 2023 मध्ये धर्मग्रंथांच्या जाहीर विटंबनेविरुद्ध कायदाच केला. जाळणाऱ्या माणसावर स्वीडनमध्ये समाजगटाविरुद्ध द्वेष पसरवल्याचा खटला चालला. जानेवारी 2025 मध्ये, निकालाच्या आदल्या दिवशी, त्याचा गोळ्या घालून खून झाला.

आता तुलना. कागद दोन्हीकडे जळला. महाडला जाळणारे त्या ग्रंथाच्या जाचाखालचे होते आणि ज्यांना झोंबलं ते गावाचे मालक. स्टॉकहोमला समोर ईदच्या नमाजाला आलेले, त्या देशात अल्पसंख्य असलेले लोक होते. तिथला कुठला कायदा, कुठलं सरकार त्यांच्या हातात होतं? म्हणून मी त्याला महाडच्या पंगतीत बसवत नाही. तो माणूस इराकमधून काय सोसून आला असेल हे मनात ठेवूनही नाही. पण डेन्मार्कसारखी सरसकट बंदीही मला नको, कारण असा कायदा उद्या महाडवरही चालतो.

महाडची खरी भावंडं इराणमध्ये सापडतात. सप्टेंबर 2022 मध्ये महसा अमिनीचा पोलीस कोठडीत असताना मृत्यू झाल्यावर तिथल्या बायकांनी रस्त्यात आपले हिजाब जाळले. त्यांच्यावर लादलेली गोष्ट त्यांनी जाळली, आणि किंमत मोजली तीही त्यांनीच. आपल्याकडच्या स्त्री संघटना 25 डिसेंबर हा भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात, तो याच धाग्याने.

रस्त्यावर दूध ओतणं म्हणजे नासाडीच ना?

कुणाचं दूध, ते आधी विचारा. जुलै 2018 मध्ये राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने लिटरमागे पाच रुपये अनुदानासाठी दूध बंद केलं. स्वतःच्या गोठ्यातलं दूध स्वतःच्या हाताने ओतणारा शेतकरी शहरातल्या माणसाला डिवचतो, पण खिसा स्वतःचाच कापतो. ते बघवत नाही, आणि तसं बघवू नये हाच तर हेतू. दुसऱ्याचा टँकर अडवून कॉक सोडणारा मात्र किंमत तिसऱ्याकडून वसूल करतो. चार दिवसांत सरकारने लिटरला 25 रुपये दर मान्य केला, पण त्यामुळे टँकर फोडणं योग्य ठरत नाही.

लंडनमध्ये ऑक्टोबर 2022 मध्ये खनिज तेलाच्या वापराविरुद्ध आंदोलन करणाऱ्या दोघींनी व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रावर टोमॅटो सूप फेकलं, त्यात चित्राला काच होती म्हणून ते वाचलं. फेकणाऱ्या दोघींना पुढे तुरुंगवास झाला. तिथे माझी हरकत वेगळी आहे: खनिज तेलाशी सूर्यफुलांचा संबंध काय, हे बघणाऱ्याला वेगळं समजवावं लागतं. समजावून सांगावं लागलं की डिवचणं फसलं.

चुकून भलत्याचाच अपमान झाला तर?

तर मूळ मुद्दा त्याच क्षणी संपतो. 29 मे 2024 ला जितेंद्र आव्हाड महाडलाच गेले होते. शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्यात मनुस्मृतीतला श्लोक आल्याचा निषेध म्हणून चवदार तळ्यावर दहन. घाईत जो फलक फाडला त्यावर बाबासाहेबांचा फोटो होता. संध्याकाळपर्यंत श्लोक बाजूला पडला, राज्यभर आव्हाडांविरुद्धच निदर्शनं सुरू झाली, माफी मागूनही गुन्हे दाखल झाले. हेतू कुणीच विचारला नाही. विरोधकांनी संधी साधली म्हणून रडण्यात अर्थ नाही, डिवचायला गेलेल्याची चूक ते पकडणारच होते. 1927 चा खड्डा, लाकडं, फलक, ठराव, ठरावाचा मांडणारा, सगळं आधी ठरलेलं होतं. इथे फलक छापून आल्यावर कुणी नीट बघितलासुद्धा नव्हता.

सगळं प्रसिद्धीसाठीच असतं, नाही का?

असतंच. आंदोलन म्हणजेच प्रसिद्धी. मागणीला मिळते की नेत्याला, एवढंच बघा. कॅमेरा गेल्यावर पाच मिनिटांत मैदान रिकामं होत असेल तर उत्तर मिळालं.

आम्हाला असं काही करायचं असेल तर परवानगी लागते का?

जिल्ह्यात किंवा आयुक्तालयात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते आधी बघा. सणांच्या आणि निवडणुकांच्या आसपास तो बहुतेक असतोच, आणि मोडला तर कलम 135 लागतं. मुंबईत आझाद मैदानाच्या नेमून दिलेल्या भागाबाहेर जागा मिळणं कठीण. पोलीस आदल्या दिवशी ‘149 ची नोटीस’ देतील. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 168 झालंय, पण ठाण्यात अजून सगळे 149 च म्हणतात. ती नोटीस म्हणजे समज आहे, बंदी नव्हे. सही करून घ्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. प्रतिबंधक अटक जुन्या 151 ऐवजी आता 170 खाली होते आणि ती 24 तासांपेक्षा जास्त ताणायला वेगळा कायदेशीर आधार लागतो.

अर्जात कृती काय करणार ते स्पष्ट लिहा. ‘निदर्शने’ एवढंच लिहून ऐन वेळी होळी पेटवली की तुमची बाजू तिथेच लंगडी पडते. फलकांचा मजकूर अर्जाला जोडा, आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या. आणि छापून आलेला फलक उलगडून दोघांनी तरी बघा.